शिकागो पाच तास

नंदनवन वस्तीत आमच्या शेजारी राहणाऱ्या परातेभाऊंच्या घरून कुणी दही आणायला निघालं, तरी भिंतीवरच्या फळ्यावर नोंद होते. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, खडूने ठळक अक्षरात. भाऊ तीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले, पण गाड्या सोडायची खोड काही सुटली नाही. वहिनी देवळातून परतल्या की घड्याळ बघून म्हणणार, "वेळेत हाय." याहून मोठं कौतुक त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

त्यांच्या प्राचीला शिकायला शिकागोला जायचं होतं. वहिनींनी तिला पुण्यालासुद्धा नाही म्हटलं होतं. बसने चौदा तास, एवढ्या लांब पोर नको. तेव्हा भाऊंनी विमानाचं वेळापत्रकच पुढे धरलं. दिल्लीहून सकाळी अकराला सुटणार, दुपारी चारला पोचणार. पाच तास, म्हणजे पुण्याहून जवळ. वहिनी तयार झाल्या. मी जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, हे सांगायला मी तोंड उघडलं, तसा भाऊंनी चिवडा पुढे केला. अडाणी कुठला, असं मनात म्हणत मी तो खाल्ला.

गेल्या महिन्यात प्राची निघाली. विमानात बसल्याचा फोन दिल्लीहून आला. मग चार वाजले आणि फोन वाजला नाही. वहिनी मोबाईल घेऊन फळ्यासमोर बसलेल्या. भाऊंनी लिहिलं, अर्धा तास उशिरा. पाचला लिहिलं, एक तास उशिरा. वहिनींनी देवाजवळ दिवा लावला. सहाला टीव्हीवर बातम्या लावा म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. भाऊंना अंगणात ओढून नेलं आणि अख्खा धडा सुनावला. प्रवास साडेपंधरा तासांचा आहे, पोर आपल्या रात्री अडीचला पोचेल, आणि तुम्ही त्या बाईचा जीव टांगून ठेवलाय.

"मले समजते गा मास्तर," ते म्हणाले. "तीस वर्षं घड्याळाखाली बसलो. साडेपंधरा सांगतले असते तं इनं पोरीले धाडलं असतं काय?"

"मग आता तरी सांगा."

"सांगतो." ते बोटांवरचा खडू चोळत राहिले. "पण सांगतलं का पोरगी खरंच दूर जाईन. मलेही पाचच वाटून राहिले होते."

ते आत गेले. चार पुसून तिथे ‘रात्री अडीच’ लिहिलं आणि वहिनींकडे पाठ ठेवूनच सगळं सांगून टाकलं. आता इथे भांडं आपटणार, अशा तयारीत मी दारातच थांबलो. वहिनी उठून फळ्याजवळ गेल्या.

"म्हंजे उशीर नाही न झाला तिले?" त्यांनी विचारलं.

भाऊ वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाही वं," ते म्हणाले. "वेळेत हाय."