बोटं बघू

रंगनाथ रस्त्यात कुणालाही भेटला, तरी आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसे. नजर सरळ खाली, हातांवर. रामराम नंतर. "बोटं बघू," म्हणून तो आपला पंजा पुढे करायचा आणि समोरच्यानं बेसावधपणे हात दिला, की तो सापडलाच. शर्टाच्या खिशातून नेलकटर निघायचं आणि गुलमंडीच्या भर रस्त्यात, दोन्ही बाजूंनी टांगे आणि सायकली जात असताना, त्या माणसाची नखं कापली जायची. कुणी हात ओढून घेऊ लागला, तर रंगनाथ शांतपणे म्हणे, "दोन मिन्टं थांबा. लई वाढल्यात."

हा रंगनाथ आमच्या गल्लीत, आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचा. मूळचा पाचोडच्या पलीकडच्या एका खेड्यातला. पोलिस ॲक्शननंतर पाच-सहा वर्षांनी तो शहरात आला आणि गुलमंडीवर एका साड्यांच्या दुकानात लागला. मी शाळामास्तर, माझे वडील निजामाच्या अमलात कचेरीत पेशकार होते, आणि गल्लीत आमचं घर जरा वरचं समजलं जाई. समजणाऱ्यांत आम्ही स्वतःच पुढे होतो. म्हणून तो मला "अहो मास्तर" म्हणे आणि मी त्याला "अरे रंगनाथ" म्हणत असे. वयानं आम्ही सारखेच होतो.

नखांचा नाद त्याला दुकानात लागला. रेशमी साडीत गिऱ्हाइकाचं नख अडकलं, की धागा ओढला जातो, आणि एकदा ओढलेला धागा काही केल्या परत बसत नाही. मालक तो राग नोकरावर काढणार. म्हणून साडीची घडी मोडण्याआधी रंगनाथ बायकांची बोटं बघायला लागला. पुष्कळ जणी रागावून निघून गेल्या. एका तहसीलदारांच्या बायकोला मात्र वाटलं, की हा माणूस हात बघतो. त्यांनी दोन्ही तळवे त्याच्यापुढे पसरले आणि हळूच विचारलं, साहेबांची बदली कधी होईल? रंगनाथला काही उमजलं नाही. तो म्हणाला, "व्हईल की. आधी नखं तर काढू." बाईंनी तिथंच दहाही बोटांची नखं काढून घेतली आणि महिनाभरात साहेबांना हवी तिथं बदली मिळाली. त्यानंतर दोन वर्षं अधिकाऱ्यांच्या बायका दुकानात रांगेनं येत होत्या. मालक खूश होता. रंगनाथ आपला एकेकीला समजावून सांगायचा, की बाई, मला त्यातलं काही कळत नाही. तेवढ्यानं त्याची कीर्ती आणखीच वाढली.

इथपर्यंत सगळं पोटापाण्याचं होतं. पुढे ते बिघडलं, ते एका महाराजांमुळे.

गोदाकाठचे हे महाराज वर्षाकाठी आठ-दहा दिवस शहरात येत आणि एका धर्मशाळेत उतरत. माझा बुवा-महाराजांवर तेव्हा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण या माणसाबद्दल वाईट बोलणारा मला कुणी भेटला नाही. प्रवचन कमी आणि हातात झाडू जास्त, असा त्यांचा प्रकार होता. दर्शनाला आलेल्या लोकांच्या उष्ट्या पत्रावळी ते स्वतः उचलत, त्यामुळे भक्तांची फार पंचाईत होई. एका वर्षी दर्शनाच्या रांगेत एक महारोगी आला. रांग दोन्हीकडून मागे सरली. महाराज उठले, त्याला ओट्यावर बसवलं, त्याचे पाय मांडीवर घेतले, जखमा धुतल्या आणि कुणाकडून तरी पातं मागून हातापायांची वाढलेली नखं एकेक करून काढली. त्यात तासभर गेला. लोक प्रवचनासाठी ताटकळले होते. प्रवचन झालंच नाही. महाराज हात धुऊन जेवायला गेले.

रंगनाथ त्या रांगेत होता. हा प्रसंग त्यानं मला निदान पन्नास वेळा सांगितला असेल, आणि दर वेळी "मास्तर, तासभर" या शब्दांवर तो थांबायचा.

त्या दिवसापासून तो दर रविवारी सरकारी दवाखान्यात जायला लागला. ज्यांना भेटायला कुणी येत नाही अशा रोग्यांची नखं कापायची, आधी महारोग्यांची, मग बाकीच्यांची. दवाखान्यातल्या लोकांनी आधी हाकललं, मग दुर्लक्ष केलं, आणि शेवटी एक मोडकं स्टूल दिलं. नेलकटर तो घरी उकळून घ्यायचा, तेही चहाच्या पातेल्यात. त्याच्या बायकोनं एक दिवस ते पातेलं त्याच्यासकट बाहेर ठेवलं. तेव्हापासून नेलकटराला वेगळं भांडं मिळालं. कापलेली नखं कागदाच्या पुडीत बांधून तो गावाबाहेर पुरून यायचा, कारण घरात नखं पडली की भांडणं होतात, यावर त्याची श्रद्धा होती. शनिवारी नखं कापू नयेत, हे मात्र तो मानत नसे. कुणी शनिवारची हरकत घेतली, की तो सांगे, "म्हाराजांनी काढली त्या दिशी शनिवारच व्हता."

गावाकडे जाताना बसमध्ये त्यानं एकदा शेजारी झोपलेल्या माणसाचा हात हातात घेतला. पाच बोटं झाल्यावर तो माणूस जागा झाला आणि चोर चोर म्हणून ओरडायला लागला. कंडक्टरनं बस थांबवली. चौकशी झाली, खिसे तपासले गेले, चोरीला काहीच गेलं नव्हतं. मग त्या माणसानं आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, जरा विचार केला आणि मुकाट्यानं दुसरा हात पुढे केला.

असे किस्से मी शाळेत, मधल्या सुट्टीत, हातवारे करून सांगायचो. सगळे पोट धरून हसायचे. रंगनाथच्या किश्श्यांवर माझं बरंच नाव झालं होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आता वाटतं.

माझे वडील, अण्णा, त्याला "शाही हज्जाम" म्हणत. अण्णांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. जुने लोक अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडेच यायचे. एका सकाळी आंघोळ करून उठता उठता ते पडले. अर्धांगवायू. वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. लिहिणारा हात मुठीसारखा घट्ट मिटून छातीशी येऊन राहिला.

आम्ही त्यांची सेवा केली नाही असं नाही. बायकोनं तर लहान मुलाचं करावं तसं केलं. डाव्या हाताची नखंही ती कापायची. पण उजवी मूठ उघडायला गेलं, की अण्णा कळवळायचे, म्हणून आम्ही ती तशीच सोडली. दुखत्या हाताला उगाच हात कशाला लावायचा, असा आमचा शहाणपणा होता.

रंगनाथ दर रविवारी दवाखान्यातून परतताना आमच्या पायरीशी थांबायचा. "मास्तर, अण्णांची बोटं बघू द्या," म्हणायचा. मी आज नको, पुढच्या वेळी बघू, असं म्हणत दोन-तीन रविवार काढले. मग एकदा घरात मुख्याध्यापक अण्णांना बघायला आलेले असताना तो दारात उभा राहिला. मला लाज वाटली. मी बाहेर जाऊन त्याला म्हणालो, "अरे, तू त्या महारोग्यांचे हात धरून येतोस. त्याच हातानं अण्णांना शिवणार का?"

त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. "व्हय, ते बी खरंय," म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी तो घरी जाऊन आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला. हातात नवं कोरं नेलकटर होतं, अजून कागदात गुंडाळलेलं. "ह्ये फकस्त अण्णांसाठी," म्हणाला. मी त्याला सांगितलं, की डॉक्टरांनी कुणालाही हात लावू द्यायचा नाही असं बजावलं आहे. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. रंगनाथनं मान हलवली आणि नंतर पुन्हा विचारलं नाही. येऊन पायरीवर बसायचा, अण्णांकडे दुरून बघायचा आणि जायचा.

अण्णा दिवसभर कण्हायचे. आम्हाला वाटायचं, दुखणंच तसं आहे. खोलीत वास यायला लागला, तेव्हा बायकोनं गाद्या बदलल्या, चादरी उकळल्या. वास गेला नाही. असे दोन महिने गेले.

एका दुपारी मी शाळेतून आलो, तर रंगनाथ अण्णांच्या खाटेजवळ जमिनीवर बसला होता. मी शाळेत असताना बायकोनं त्याला दुकानातून बोलावून घेतलं होतं. मांडीवर कोमट पाण्याचं तसराळं, आणि त्यात अण्णांची मूठ. तो मनगट हळूहळू चोळत होता, खोबरेल लावत होता, आणि एकेक बोट थोडं सैल झालं, की त्याखाली मलमलीची घडी सरकवत होता. मी बघितलं. चार बोटांची नखं वाढून तळहातात रुतली होती. आत जखमा झाल्या होत्या. वास त्या मुठीतून येत होता. ज्यांचं बोलणं बंद झालेलं, ते अण्णा दोन महिने हेच सांगत होते.

मी दारातच उभा राहिलो. मला आत जाववेना. रंगनाथनं वर बघितलंही नाही. सगळं व्हायला तासाहून जास्त वेळ लागला. हात उघडा होऊन मलमलीवर पडला, तेव्हा अण्णांचं कण्हणं थांबलं होतं. त्यांनी डावा हात कसाबसा उचलला, कपाळापर्यंत नेला आणि रंगनाथला आदाब केला. डाव्या हातानं आदाब करणाऱ्याला एरवी त्यांनी दारात उभं केलं नसतं.

त्यानंतर रंगनाथ रोज दुकानात जायच्या आधी येऊन हात धुऊन, बांधून जायचा. जखमा भरल्या. अण्णा पुढे चार महिने होते, आणि ते चार महिने शांत गेले. आधीचे दोन मी त्यांच्याकडून हिरावून घेतले होते, हे मला कुणी सांगायला नको होतं, आणि कुणी सांगितलंही नाही. बायकोसुद्धा नाही.

अण्णांचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी मी रंगनाथच्या ओट्यावर जाऊन बसलो. माफी मागायची मला सवय नव्हती. मी त्यालाच दोष दिला. म्हणालो, "तू ऐकायला नको होतंस माझं. जबरदस्तीनं आत यायला पाहिजे होतंस."

तो मग म्हणाला, "मास्तर, तुमी नुस्तं थांबिवलं. म्या तर वळख बी दिली नाय."

मला कळेना. तेव्हा त्यानं जे सांगितलं, ते पन्नास वेळा ऐकलेल्या त्या गोष्टीत कधीच नव्हतं. धर्मशाळेतला तो महारोगी त्याचा थोरला भाऊ होता. घरच्यांनी त्याला गावाबाहेर काढलं होतं. धाकटा शहरात कामाला आहे असं ऐकून तो शोधत आला आणि रांगेत त्याला रंगनाथ दिसला. भावानं हाक मारायला तोंड उघडलं आणि रंगनाथ मागे सरला. सगळ्यांत आधी तोच सरला, मग बाकीची रांग. महाराजांनी नखं काढता काढता लोकांना विचारलं, यांचं कुणी आहे का इथं? भाऊ रंगनाथकडे बघत होता. त्यानं बोट दाखवलं नाही. म्हणाला, कुणी नाही.

"तासभर, मास्तर," रंगनाथ म्हणाला. "तासभर म्या तितं हुभा व्हतो."

दुसऱ्या दिवशी तो शोधायला गेला, तर भाऊ निघून गेला होता. मग दवाखाने झाले, देवळं झाली, महारोग्यांच्या वस्त्या झाल्या. भाऊ सापडला नाही. महाराजांना सांगावं म्हणून तो एकदा पायांशी गेलाही, पण जीभ उचलली नाही. महाराजांनी आपणहून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

"दादाची नखं म्हाराजांनी काढली," तो म्हणाला. "माज्या वाट्याला बाकीच्यांची आली."

मी त्याचा हात धरला आणि सांगितलं, की येत्या रविवारी मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येतो. दर रविवारी येतो. तो इतका खूश झाला, की मला त्याच्याकडे बघवेना.

रविवारी त्यानं हाक मारली, तेव्हा घरी पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी पेपर तपासायचे होते. तिसऱ्या रविवारी मी आतूनच सांगितलं, की अंग मोडून आलं आहे. पाहुणे आणि पेपर खरे होते. तिसऱ्या वेळी मात्र मला काही झालं नव्हतं. मला ते हात डोळ्यांसमोर दिसत होते आणि माझ्यानं जाववत नव्हतं, एवढंच खरं. तो दर वेळी "असू द्या, मास्तर, फुडल्या टायमाला" म्हणायचा.

चौथ्या रविवारी काय सांगायचं, याचा विचार करत मी खिडकीच्या आड उभा होतो. रंगनाथ ठरलेल्या वेळी घरातून निघाला. आमच्या दाराच्या अलीकडे तो थांबला, वाकला, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, पाऊल न वाजवता पुढे गेला. चार घरं ओलांडल्यावर त्यानं चपला पुन्हा पायात घातल्या.

त्यानंतर तो होता तोवर, दर रविवारी, आमच्या दारावरून तो तसाच जात असे.