अकरा ते दोन कोण झोपतं?

लोटनआप्पा मुंबईतली घरं खिडकीशी नेऊन उजेडात धरतात. म्हणजे घरं नव्हे, माझा मोबाइल. त्यात मुंबईतल्या घरांचे फोटो असतात, दोन-चार दिवसांसाठी भाड्याने मिळणाऱ्या. आप्पा मोबाइल तिरपा धरतात, एक डोळा मिटतात आणि उजव्या हाताचं बोट फोटोवरून खालून वर नेतात. बोट फिरलं की फोटो सरकतो आणि अंधेरीच्या घराच्या जागी भलतंच घर येतं. मग आप्पा मोबाइलवर खेकसतात, “थांब ना रे भो, देखू दे!” तो थांबला, त्यांनी पाहिलं, की निकाल ठरलेला.

“गुरुजी, बाजूले काढा.”

गुरुजी म्हणजे मी. सुरतेत नवागामच्या मराठी शाळेत मुलांना शिकवतो आणि आप्पांच्या शेजारच्या खोलीत राहतो. दोन्हींची शिक्षा सारखीच आहे.

आप्पांनी कडोदऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं ताके तपासले. ताका म्हणजे मागावरून उतरलेलं शंभरेक मीटरचं सलग कापड. ते उजेडाच्या टेबलावरून सरकायचं आणि आप्पांचं बोट त्यावरून फिरायचं. सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, काही म्हणजे काही सुटायचं नाही. “बाजूले काढ” एवढं म्हटलं की ताका नापास. कारीगर आप्पांच्या बोटाला शिव्या घालायचे आणि शेठ त्याच बोटाच्या जिवावर माल विकायचा. आता आप्पा घरी बसून तीन वर्षं झाली, पण बोट काही बसलेलं नाही.

माझ्या नव्या शर्टाच्या पाठीत त्यांनी एक धागा कमी असल्याचं शोधून काढलं. तो मला आजतागायत दिसलेला नाही, पण शर्ट मी पुन्हा घातला नाही. माझ्या साडूच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. मंगलाष्टकं चालू होती. आप्पा पुढे उभे. समोर अंतरपाट, मागून मांडवातल्या दिव्यांचा उजेड. आप्पांचं बोट आपसूक अंतरपाटावर गेलं, वर सरकलं, एका जागी थांबलं आणि आप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, “बाजूले काढ!” ज्या दोघांनी अंतरपाट धरला होता ते आमच्या खानदेशातलेच. त्यांनी तो काढला. दोन मंगलाष्टकं शिल्लक असताना नवरानवरी एकमेकांकडे बघत बसली आणि भटजी आप्पांकडे. त्या संसाराचं बरं चाललं आहे, पण साडू अजून माझ्याशी तुटक बोलतो.

तर या माणसाला मुंबईत चार दिवसांसाठी घर हवं होतं.

आप्पांचा एकुलता एक मुलगा जितू मुंबईत मोठ्या कंपनीत आहे. चौथीपर्यंत तो माझ्याच वर्गात होता. हुशार. त्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता आणि आप्पांनी आणि त्यांच्या बायकोनं, माईंनी, नातवाला अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. सुरतेहून मुंबई चार तासांची. वर्षभरात ते चार तास कुणालाच सापडले नव्हते. शेवटी जितूचा फोन आला. आप्पा तेव्हा माझ्याकडे बसले होते आणि फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे मला ऐकू न येण्याची सोयच नव्हती.

“बाबा, या दोघं. फक्त राहायचं जवळपास कुठेतरी बघू या. घरी हिचे आईबाबा आहेत ना, त्यामुळे खोली रिकामी नाही. मी बघतो एखादी जागा.”

आप्पा घाईघाईनं म्हणाले, “तू कशाले तरास घेस? मी देखस ना! गुरुजी शेतस ना!”

फोन ठेवल्यावर त्यांनी मला एवढंच बजावलं, की माईला यातलं काही कळता कामा नये. माईंना वाटत होतं, आपण पोराच्या घरीच उतरणार. त्या दोन कापडी पिशव्यांत बिबडे भरून बसल्या होत्या. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. वर्षाच्या बाळाला बिबडे कोण देणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रोज दुपारी शाळा सुटली की आप्पा माझ्याकडे हजर. पहिल्या घरात पलंगाच्या चादरीवर डाग होता. मला वाटलं ते नक्षीकाम आहे. दुसरं घर बाविसाव्या मजल्यावर होतं. तिथून पाण्याचा टँकर आलेला दिसणार कसा? तिसऱ्या घराचा पडदा आप्पांनी मोबाइल डोळ्याशी नेऊन पाहिला. मग म्हणाले, “गुरुजी, हाऊ पडदा आपला कडोदराना शे. मी बाजूले काढेल माल.” आपण नापास केलेला माल मुंबईत जाऊन मोठ्या घरात लटकतो आणि वर ऐटीत भाडं घेतो, याचा त्यांना मनापासून राग आला. ते घर गेलं. एका घरात चौकोनी काचेची शेगडी होती, तिच्यावर मांडे भाजायचं मातीचं खापर बसेना. तेही गेलं.

एका घराची मालकीण मराठी निघाली. मी फोन लावला आणि आप्पांच्या हातात दिला. ती बिचारी गोड आवाजात सांगत होती, “काका, तुम्ही दुपारी दोनला यायचं आणि निघायच्या दिवशी सकाळी अकराला खोली सोडायची.”

आप्पांचा चेहरा बदलला. “अकरा ते दोन कोण झोपतं?”

“कुणी नाही, काका.”

“मग आम्हाला दोनला काब्र बोलावता?”

“तेव्हा साफसफाई असते. चादरी बदलतो आम्ही.”

आप्पांनी फोनवर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाले, “देखा! चादर बदलतस. म्हंजे कोनी तरी झोपसच!”

यात हसण्यासारखं आहे, पण सुरतेत आम्ही हसत नाही. आप्पा पहिल्यांदा गावाहून आले तेव्हा कामगारांच्या मेसच्या खोलीत खाट मिळायची ती अर्धी. बारा तास एकाची, बारा तास दुसऱ्याची. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गरम अंथरुणावर पडायचा. आप्पांचा जोडीदार ओडिशाचा होता. चार वर्षं दोघं एका खाटेवर झोपले, पण भेट व्हायची ती जिन्यात, एक चढताना आणि एक उतरताना. त्याचं नाव आप्पांना नीट माहीत नाही, पण त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास अजून आठवतो. खाट रिकामी आहे असं कुणी सांगितलं तर या माणसानं विश्वास कसा ठेवायचा? पुढच्या प्रत्येक मालकाला त्यांनी हाच प्रश्न विचारला. दोघांनी फोन ठेवून दिला. एकानं मला उलट फोन करून विचारलं, काकांची तब्येत बरी असते ना?

चाळीसेक घरं झाली. वाढदिवस आठवड्यावर आला. मी वैतागलो होतो. खरं सांगायचं तर आप्पांपेक्षा जितूवर जास्त चिडलो होतो. आणि आतून थोडा स्वतःवरही. धरणगावहून माझे वडील सुरतेला यायचं म्हणायचे तेव्हा “खोली लहान आहे, बाबा” हे वाक्य मीही वापरलं आहे. खोली लहान होती हे खरं. पण साडू आला की ती पुरायची.

त्या रविवारी सकाळी मी हट्टानं बसलो आणि घर शोधून काढलं. जितूच्या इमारतीपासून दोन गल्ल्या. तळमजला. पाणी दिवसभर. साधी गॅसची शेगडी. मालकाला फोन करून खापराचं विचारलं, तो म्हणाला, खुशाल आणा. अकरा ते दोनचंही मीच विचारून घेतलं, लाज सोडली. तो म्हणाला, आधीच्या दिवशी कुणीच नाही, सकाळीच या.

मी मोबाइल आप्पांच्या हातात दिला. ते खिडकीशी गेले. डोळा मिटला. बोट पडद्यावरून, चादरीवरून, ओट्यावरून, फरशीवरून फिरलं. पुन्हा पहिल्यापासून फिरलं. मी वाट बघत होतो.

“गुरुजी, तुमी देखा. बराबर देखा. कोठे तरी डाग व्हई.”

“नाही आप्पा. एकही नाही.”

“असा ताका नही ऱ्हास.” त्यांचा आवाज चढला. “देखा ना जरा!”

मग ते खाली बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “घर भेटनं नही, ते पोऱ्या म्हनी, मंग आपलाच घर या.”

महिनाभर हा माणूस घर शोधत नव्हता. पोराला वेळ देत होता. बाहेर कुठेच सोय होत नाही म्हटल्यावर जितू सासऱ्यांना बाहेरच्या खोलीत निजवील, नाहीतर स्वतः जमिनीवर झोपेल, आणि म्हणेल, या बाबा. चाळीस घरं त्यांनी त्या एका वाक्यासाठी नापास केली होती. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी मास्तरकी करायला जातो. मी आप्पांसमोरच जितूला मेसेज लिहिला. ‘महिनाभर पाहतो आहोत. आप्पा-माईंना जमेल असं एकही घर मिळत नाही. आता तूच सांग.’ एवढं सरळ उत्तर चौथीतल्या मुलालाही देता आलं असतं.

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘ओके सर. मग उगाच धावपळ नको त्यांना. पुढच्या वेळी निवांत येऊ देत. मी वाढदिवसाचे फोटो पाठवतो.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ते मीच शिकवलं होतं.

आप्पांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं. मी म्हणालो, “मी आत्ता फोन लावतो त्याला. चांगला सुनावतो.”

“नका गुरुजी. त्याले लाज वाटी. तुमी त्याना गुरुजी शेतस.” त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, काच सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि तो मला परत दिला. “ते घर पास करा. दोन मानसं. आनि त्याले लिखा, घर भेटनं, बेस शे.”

मी लिहिलं. जितूनं अंगठा पाठवला.

आप्पा उठून त्यांच्या खोलीत गेले. मधली भिंत अर्ध्या विटेची आहे, सगळं ऐकू येतं. तरी मी दारापर्यंत गेलो. माई खाली बसून पिशवीत बिबडे नीट रचत होत्या.

“ऐकस का,” आप्पा म्हणाले, “पोऱ्यानी आपलाकरता येगळं घर धुंडी ठेवेल शे. एक नंबर. दोन गल्ल्यावर.”

माईंचा हात थांबला. “येगळं? त्याना घर काब्र नही?”

“तठे दुसरी पाळी झोपेल शे.”

माईंनी जन्म सुरतेत काढला आहे. त्यांना पाळीचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यांनी सुनेला नाव ठेवलं नाही, मुलाला ठेवलं नाही. वरचे दोन बिबडे सारखे केले आणि विचारलं, “मंग आपली पाळी कव्हय येई?”

आप्पांनी पिशवी उचलली, दोन्ही बंद ओढून पाहिले, शिवणीवरून खालून वर बोट फिरवलं आणि म्हणाले, “मजबूत शे.”