हळदणकर चव सांगतात

विरारला टँकर आला की आमच्या बिल्डिंगमध्ये बादल्यांची मारामारी, आणि शेजारचे हळदणकर पेल्यात घोटभर पाणी घेऊन ते गोल गोल फिरवत उभे. ट्यूबलाइटसमोर धरायचे, पेल्यात नाक खुपसायचे, मग निकाल. "अंगाने हलकं. सुरुवातीला लोखंड, मध्यावर शेवाळ. पण शेवट रेंगाळतो हं, वहिनी!"

रेंगाळतो म्हणे! इथे माझी बादली मागे राहिली.

मुंबईच्या एका बड्या हॉटेलात त्यांनी साहेबलोकांना वाईन ओतली. स्वतः थेंबही चाखला नाही. घरी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, वास चालायचा नाही. कुठल्या बाटलीत भिजलेलं लाकूड, कुठलीत काळ्या मनुका आणि जुनं चामडं, सगळं पाठ करून सांगायचे. रिटायर झाले, बाटल्या सुटल्या, पाठांतर तेवढं आमच्या नशिबी आलं.

आगाशीची सुकेळी, ती उन्हात वाळवलेली केळी, दिली तर म्हणे, "आधी गूळ, मग उन्हात तापलेला पत्रा, आणि अगदी शेवटी मामाचं घर." माझ्या आमटीला काय म्हणाले ऐका: "महत्त्वाकांक्षा आहे, पण धीर नाही." मेल्याला पुन्हा वाटीभर काही द्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

मग काकूंना घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशनचे शेक सुरू झाले आणि तोंडाची चव पार गेली. डॉक्टरांनी बजावलं, पोटात काही गेलं नाही तर पुढचे शेक देता येणार नाहीत. आणि काकू तर ताटाकडे बघेनात.

राग गिळून मी पेज घेऊन गेले. हळदणकर चमचा धरून समोर, तोंड चालूच. "आधी नवा तांदूळ. मग मेतकूट. मागून हळूच तूप..."

"पुरे!" काकूंनी चमचा ढकलला. पेज हळदणकरांच्या सदऱ्यावर सांडली. "माती लागते मला, माती! जन्मभर लोकांना थापा मारल्यात, आता मला नका मारू."

खरं सांगते, मला बघवेना. मी जायला वळले.

तेवढ्यात हळदणकरांनी चमचाभर पेज स्वतःच्या तोंडात घातली. बराच वेळ घोळवली.

"माती. बरोबर आहे तुझं." ते म्हणाले. "पण कुठली गं? खाचरातली?"

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता वाटीच भिरकावतात.

"छे. कुंडीतली," त्या म्हणाल्या. "पाणी जास्त झालेली." मग वाटीकडे बोट केलं. "अजून एक चमचा द्या बघू. नीट सांगते."