कुंदनच्या हॉलमधला खडक

माझ्या आयुष्यातल्या एकमेव पराक्रमाची सुरुवात नारळापासून झाली. माझी बायको मीना, तिची मैत्रीण सोनल, हिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला जायचं होतं आणि भेट म्हणून मी मनीप्लांटची कुंडी पसंत केली होती. मीना म्हणाली, ज्यांच्या हॉलमधून अख्खं करंजाचं झाड छताबाहेर गेलंय, त्यांना तुम्ही कुंडी देणार? मी रागारागाने नारळ घेतला. (राग आला की मी नेहमी स्वस्त वस्तू घेतो.)

करंजाडेहून निघून आम्ही स्कूटरवरून बेलापूरच्या टेकडीवर पोचलो. पत्ता बरोबर होता, फक्त घर नव्हतं. सगळीकडे गवत आणि मधोमध करंजाचा शेंडा. मी गवतावर स्कूटर लावली आणि सोनलला फोन केला.

"भाऊजी, स्कूटर जरा मागे घ्या," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या किचनवर उभे आहात."

घर टेकडीच्या पोटात होतं. मागची भिंत म्हणजे टेकडीचाच काळा कातळ. हॉलच्या मधोमध पुरुषभर उंचीचा खडक, तो फोडायचा नाही म्हणून घरच त्याच्याभोवती वळवलेलं. आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने नको तिथे खांब आणला म्हणून मी अजून सोसायटीत भांडतोय, आणि इथे लोक खडकाबरोबर सेल्फी काढत होते.

पण घरात आनंद नव्हता. सोनलचा नवरा कुंदन मूळचा टेकडीखालच्या दिवाळे गावचा. हे घर त्याने हौसेने बांधलं ते आईसाठी, आणि सखूआईंनी गावभर सांगून ठेवलेलं की कातळात राहायला मी काय खेकडा हाय? त्या पूजेपुरत्या आल्या होत्या. पिशवी मांडीवरच होती. संध्याकाळी त्या परत जाणार म्हणून कुंदन पाहुण्यांना सरबत देतानाही रडवेला दिसत होता. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं.

मीना किचनमध्ये गेली, सोनल सखूआईंची समजूत काढायला गेली आणि मी खडकाजवळ एकटाच उरलो. तेवढ्यात मला खडकावरचा शेंदूर दिसला. एवढा जागृत देव हॉलमध्ये, आणि लोक त्याला टेकून सरबत पितात! मी मोजे काढले, डोकं टेकलं आणि नारळ हाणला. (माझ्या हातून नारळ पहिल्या फटक्यात फुटण्याची ही पहिलीच वेळ. निम्मं पाणी शेजारून चाललेल्या, हे घर आखणाऱ्या आर्किटेक्टच्या पँटवर गेलं.)

"अहो, तो ऑइल पेंट आहे," आर्किटेक्ट पँट झटकत म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टरची खूण. हा दगड फोडू नका म्हणून."

मीना किचनच्या दारात ओढणी तोंडाला लावून उभी होती. मी नारळाची भकलं पाठीमागे लपवली.

तेवढ्यात सखूआई उठल्या. खडकासमोर येऊन त्यांनी हात जोडले.

"येवरी टेकरी फोरली, पन याला कोनी हात लावला नाय. मंग यो देव नाय त कोन? देव घरान हाय, आता मी कशाला जाऊ?"

आणि त्यांनी पिशवी सोनलच्या हातात दिली.

कुंदनने मला चक्क उचललं. मी हॉलभर खोबरं वाटत फिरलो. आर्किटेक्टनेसुद्धा दोन्ही हात पुढे करून प्रसाद घेतला. जे काम मुलाला, सुनेला आणि गावकीला जमलं नाही ते मी एका नारळात केलं होतं. छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटेल असं वाटलं.

निघताना सखूआईंच्या पाया पडलो. त्यांनी मला जवळ ओढलं.

"बाला, त्यो रंग हाय, मना ठाव हाय. माझ्यासमोरच लावला."

"मग?"

"घर मना पयल्या दिसापासून आवरला रे. पन गावान बोलून बसले, आता माघार कशी घेऊ? सकालपासून वाट बघतंय, कोनी येक जन त्या रंगाच्या पाया परल. समदी शिकलेली, कोनी परना. मंग तुझ्या बायकोला सांगितला, त ती बोलली, टेन्शन घेऊ नका, आमच्या ह्यांना फक्त त्या दगडाजवळ एकटं सोडा."