कप्तानास कारणे दाखवा

कलकत्त्याची कसोटी भारत एक डाव आणि तीनशे छत्तीस धावांनी हरला, हे तहसील कचेरीसमोरच्या हॉटेलात सगळ्यांत आधी नरहरबाबूंना कळलं. रेडिओवरची कॉमेंट्री इंग्रजीत असे, आणि बाकीची मंडळी चहा पीत त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. ते सांगतील तसा सामना गावात व्हायचा. वेस्ट इंडीजवाले बरे खेळले हे त्यांनी मान्य केलं. पण खरा दोष आपल्या कप्तानाचा, ही भर त्यांच्या पदरची.

नरहरबाबू स्वतः कचेरीत कारकून आणि कचेरीच्या संघाचे कप्तान होते, कारण बॅट ज्या कपाटात राहायची त्याची किल्ली त्यांच्याकडे असे. दिग्रसच्या कापूस जिनिंगवाल्यांकडून हा संघ सलग सहा सामने हरला होता. पण ते खेळपट्टीमुळे. शिपाई हिरासिंग दर सामन्यात बाउंडरीवरून ओरडायचा, "बाबूजी, मले एक ओव्हर तं द्या!" आणि नरहरबाबूंना नेमकं ते ऐकू यायचं नाही.

सोमवारी कचेरीत आल्यावर त्यांनी सगळा राग कागदावर काढला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकाच तऱ्हेनं लिहिता येत होतं. ‘प्रति, कप्तान, भारतीय संघ, मार्फत क्रिकेट बोर्ड, मुंबई. विषय : लागोपाठ दोन कसोट्या हरल्याबाबत. संदर्भ : आकाशवाणी. आपण गोलंदाज वेळेवर का बदलले नाहीत, व आपणास कप्तानपदावरून का दूर करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.’ संध्याकाळी हॉटेलात वाचून दाखवू म्हणून कागद टेबलावर ठेवून ते जेवायला घरी गेले.

परत येऊन बघतात तो टेबल साफ.

"हिरासिंग, इथला कागद कुठं गेला?"

"मुंबईले गेला जी. सायबाची सही झाली, मुहर लागली, जावक नंबर पडला अकराशे सत्तेचाळीस. दोनच्या मोटारीनं थैली निघाली."

"अरे, पण काहून नेला? साहेबांनी वाचला नाही?"

"सायेब कधी वाचतात? तुमचं अक्षर दिसलं का सही करतात."

हिरासिंगचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरले. उचललेली गोणी त्यांनी वाटेत कधी टाकली नाही. तोच नियम तो कागदाला लावत असे.

हेडक्लार्कची जागा रिकामी होती. तहसीलदार किसनराव महिनाअखेर नरहरबाबूंची शिफारस पाठवणार होते, आणि आता त्यांच्याच सहीनं देशाच्या कप्तानाला नोटीस गेली होती. घरी बायकोनं, कुंदाताईंनी तर बढती झाल्याचं शेजारी सांगूनही टाकलं होतं.

"आता मी काय करू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"कप्तानाचा खुलासा येईस्तोवर तरी जेवून घ्या," कुंदाताई म्हणाल्या.

खुलासा काही आला नाही. थोड्या दिवसांनी पेपर आला : कप्तान बदलला! हिरासिंगनं नोटिशीची हकीकत जावक नंबरासह हॉटेलात सांगून ठेवलीच होती. यज्ञेश्वर वकिलांनी तहसीलदारांना भर रस्त्यात गाठलं.

"मानलं साहेब! एका कागदात गडी मोकळा केला तुम्ही!"

किसनरावांना काहीच ठाऊक नव्हतं, पण आलेलं अभिनंदन परत करायची त्यांना सवय नव्हती. कचेरीत येऊन त्यांनी स्थळप्रत मागवली आणि आपल्या सहीचा कागद आयुष्यात पहिल्यांदा वाचला. समोर नरहरबाबू घाम पुसत उभे.

"मसुदा कोणाचा?"

"माझा, साहेब."

"हं. ‘का दूर करू नये’ हे चांगलं जमलंय."

आणि त्यांनी हेडक्लार्कच्या शिफारशीवर सही केली, न वाचता.

महिनाअखेर नव्या कप्तानाखाली भारत मद्रासची कसोटीही हरला. "बाबू, तुम्ही काढला तोच बरा होता!" हॉटेल म्हणालं. तरी हुकूम आला, आणि नरहरबाबू हेडक्लार्कच्या खुर्चीत बसले. पहिल्याच दिवशी हिरासिंगनं टपालवही पुढे केली.

"सही करा जी."

लिफाफ्यात नोटीस होती. ‘विषय : दिग्रसकडून लागोपाठ सहा सामने हरल्याबाबत. संदर्भ : समक्ष. आपण हिरासिंग यांस एकदाही चेंडू का दिला नाही, व आपणास कप्तानपदावरून...’ खाली साहेबांची सही, मुहर, जावक नंबर.

"हे कोणी लिहिलं रे?"

"वकीलसायबानं. मसुदा तुमचाच हाय. नाव तेवढं बदलवलं."

नरहरबाबूंनी चार पानी खुलासा लिहिला. खेळपट्टीवरची फाटकी मॅटिंग, डोळ्यांवरचं ऊन, अंपायर दिग्रसवाल्यांचा साळा, काही सोडलं नाही. साहेबांकडे जाणारा प्रत्येक कागद हेडक्लार्कच्या शेऱ्यानं जायचा, म्हणून दुपारी हिरासिंगनं तो तीन पटवाऱ्यांच्या खुलाशांखाली घालून नरहरबाबूंच्याच टेबलावर ठेवला. एकोणीस वर्षांचा सरावलेला हात. पहिल्या कागदावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर त्या हातानं न वाचता लिहिलं : ‘खुलासा समाधानकारक नाही. कारवाईस्तव सादर.’

पूर्णविराम दिल्यावर त्यांना अक्षर ओळखीचं वाटलं.

"थांब, हिरासिंग! अरे, थांब!"

पण उचललेलं ओझं घेऊन हिरासिंग साहेबांच्या दारात पोचलाही होता.

पुढच्या रविवारी दिग्रसला नाणेफेकीला हिरासिंग गेला. कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला होती. पहिली ओव्हर त्यानं टाकली. दुसऱ्या बाजूची ओव्हर संपली, तेव्हा तिसरी त्यानंच घेतली. बाउंडरीवरून उन्हात कोणीतरी हात हलवून ओरडत होतं,

"हिरासिंग, मलाही एक ओव्हर दे ना रे!"

हिरासिंगला नेमकं ते ऐकू आलं नाही.