लांब पल्ल्याचं काडतूस

"यंदा दरीच्या या काठावरून त्या काठावरचा एल्क पाडणार! मी जागचा हलणारसुद्धा नाही!" वेंडेल स्कूगने हवेत कात्री नाचवत जाहीर केलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने घाबरून कान झाकला.

वायोमिंगच्या डोंगरांखाली वसलेल्या त्या गावात केस कापायचं दुकान एकच, आणि ते वेंडेलचं. तिथे केसांपेक्षा शिकारीच्या गप्पांचाच ढीग मोठा पडायचा. हल्ली तर त्या गप्पांत एल्क नावाच्या थोरल्या हरणापेक्षा अस्वलंच जास्त! कुणी एल्क पाडून खाली उतरावं, तर त्यावर अस्वल मालकासारखं बसलेलं. कुणाची रात्र झाडावर गेलेली. गिऱ्हाईक हसत हसत सांगायचं आणि मागे वेंडेल एकाच जागी पुन्हा पुन्हा वस्तरा फिरवायचा. कारण वेंडेल अस्वलाला भयंकर भ्यायचा. बायकोने फरकोट घातला तरी त्याच्या काळजाचा ठोका चुकायचा! ही गोष्ट गावात कुणालाच ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती.

पण एल्कशिवाय हिवाळा कसा काढायचा? मांसाने फ्रीजर भरायचा तर डोंगरात जाणं भाग. म्हणून त्याने तोडगा काढला. रानात शिरायचंच नाही. लांबून उडवायचं!

बंदुकीच्या दुकानाच्या मालकीण डेलाबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "किती लांबून मारणार?"

"जमेल तितकं लांबून."

त्यांनी काउंटरवर तीन काडतुसं उभी केली. "हे सात मिलिमीटरचं मॅग्नम, म्हणजे जादा दारूचं. सरळ जातं, खांद्याला फार छळत नाही, एल्कला पुरून उरतं. हे तीनशेचं, जरा जाड. वाऱ्याला दाद देत नाही, पण लाथ जरा जोरात मारतं."

"आणि ते जाडजूड?"

"तीनशे अडतीसचं. ते कशाला हवंय तुला? एल्क मारणार आहेस की ट्रक?"

वेंडेलने दुकानात आणखी कुणी नाही ना ते पाहिलं. "समजा... नुसतं समजा हं! एल्कऐवजी दुसरंच काही समोर आलं तर?"

"दुसरं म्हणजे?"

"काहीही. जरा केसाळ."

डेलाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "केसाळ आलं तर तिखटाचा फवारा बरा. घाबरलेल्या माणसाचा नेम लागत नसतो."

"घाबरतंय कोण!" म्हणत वेंडेलने जाडजूड काडतुसंही घेतली, ती उडवणारी तोफेसारखी रायफलही घेतली आणि निघता निघता फवाराही हळूच खिशात टाकला.

सरावाच्या मैदानावर पहिला बार काढला आणि वेंडेलला वाटलं, गोळी मागच्या बाजूनेच निघाली! रायफलच्या दुर्बिणीने भुवईवर अर्धगोल कोरला. खांदा वांग्यासारखा जांभळा झाला.

"हे काय झालं?" घरी मार्लिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं. ती शाळेची बस चालवायची आणि तिच्या एका हाकेने मागच्या बाकावरची मारामारी थांबायची.

"कपाटाचं दार लागलं."

"आपल्या कुठल्या कपाटाला गोल दार आहे?"

वेंडेल भुवईवर बर्फ ठेवायला निघून गेला. पण त्याने सराव सोडला नाही. खांद्यावर टॉवेलची घडी, डोळ्यांत पाणी, असा उन्हाळाभर तो बार काढत राहिला. रायफलची भीती होतीच, पण ती अस्वलाइतकी नव्हती! हंगाम येईतो चारशे यार्डांवरची लोखंडी थाळी त्याच्या गोळीने खणखणायला लागली.

आणि ऑक्टोबरच्या एका सकाळी तो सासऱ्यांबरोबर दरीच्या काठावर पालथा पडून राहिला. सासरे आर्ने म्हणजे सगळी हयात गुरांमागे घालवलेला म्हातारा. यंदा सोडतीत त्यांना शिकारीचा परवाना मिळाला नव्हता, म्हणून बंदूक नसताना नुसते सोबतीला आलेले.

"जावईबापू, खाली झाडीत उतरूया का? जवळून नेम चांगला बसतो."

"छे छे, बाबा! एवढं मॅग्नम घेतलंय ते कशाला?"

इतक्यात पलीकडच्या उतारावर झाडीतून एल्क बाहेर आला. घोड्याएवढा नर, डोक्यावर शिंगांचं झाडच्या झाड! वेंडेलने श्वास रोखला. धाड्! दरी दोनदा गरजली. एल्क दोन पावलं चालला आणि कोसळला.

"पाडला! बाबा, पाडला! जागचा हललो नाही!"

"शाबास!" म्हाताऱ्याने पाठीवर थाप मारली. "आता जा, घेऊन ये."

"कुठून?"

"तिथून! तो काय चालत येणार आहे?"

वेंडेलने दरीत पाहिलं. खाली काळीकुट्ट झाडी. त्यापुढे ओढा. पुन्हा झाडी. इतक्या महिन्यांत त्याने काडतुसाचं वजन, वेग, वारा, सगळ्याचा विचार केला होता. जितक्या लांबून मारावं तितकं लांब चालत जावं लागतं, एवढाच विचार राहून गेला होता!

"तुम्ही... येताय ना?"

"माझे गुडघे बघ. जा लवकर! बार ऐकला की हल्ली अस्वलं जेवणाची घंटा झाल्यासारखी येतात म्हणे."

मांस रानात टाकून जाणं म्हणजे गुन्हा. आणि मार्लिसला काय तोंड दाखवणार? वेंडेल रायफल पाठीला लावून उतरला. माणसाचा आवाज ऐकून अस्वल लांब जातं, हे त्याने ऐकलं होतं. पण भीतीने दुसरं काहीच सुचेना. मग तो दुकानातलंच ओरडत सुटला. "बसा! कसे कापू? बारीक की मध्यम? कल्ले ठेवायचे का?" साऱ्या दरीतून उत्तर आलं, "ठेवायचे का? ठेवायचे का?" त्या आवाजाने तो आणखीच दचकला.

एल्कपाशी पोहोचून त्याने चारी बाजूंना पाहिलं. सुरी काढली, तोच मागे काटकी मोडली. मग दुसरी. मग कुणीतरी घोगरं धापलं. हूंऽफ! हूंऽफ!

रायफल पाठीवर अडकली. वेंडेलने खिशातला फवारा उपसला आणि आवाजाच्या दिशेने दाबला. वारा नेमका तिकडूनच येत होता! सगळं तिखट त्याच्याच डोळ्यांत.

"मेलो! घे बाबा, सगळा एल्क घे!" आंधळा वेंडेल गुडघ्यांवर कोसळला. "ही तोफ मी तुझ्याच भीतीने घेतली! लांबून मारतो कारण मला तुझी भीती वाटते! पलंगाखालीसुद्धा तूच दिसतोस रे! मला सोड, घरी बायको आहे!"

"माझीच मुलगी आहे ती," अस्वल धापा टाकत म्हणालं. "ऊठ!"

"बाबा? तुमचे गुडघे?"

"गुडघे गेले खड्ड्यात! बंदूक तू घेऊन आलास. मी वर एकटा! मागे झुडपात काहीतरी खसखसलं. मग काय करू?"

सासऱ्यांनी त्याला हाताला धरून चालवलं. वेंडेलने ओढ्यावर जाऊन डोळे धुतले, आणि मग दोघांनी इतक्या झपाट्याने एल्क सोलला की खाटीकही बघत राहिला असता. एकाने कापायचं, दुसऱ्याने पहारा द्यायचा. दर मिनिटाला पहारा बदलत होता, कारण पहाऱ्याची भीती कापण्यापेक्षा जास्त वाटत होती. पाठीवर जेमतेम दोन मांड्या आल्या. बाकीचं मांस दोराने उंच झाडाला टांगलं आणि "उद्या येऊ" म्हणत दोघे सुटले.

तो उद्या उजाडला. सासऱ्यांचे गुडघे पुन्हा दुखायला लागले. वेंडेलचे डोळे तर उघडतच नव्हते, निदान मार्लिस समोर असेपर्यंत. शेवटी तिनेच शेजाऱ्याचं खेचर मागून आणलं आणि ती एकटी निघून गेली. दुपारी परत आली ती सगळं मांस लादून, शीळ वाजवत.

जावई आणि सासरे पोर्चमध्ये उभे राहिले.

"काही... दिसलं नाही ना तिथे?" वेंडेलने विचारलं.

"होतं की! झाडाखालीच बसलं होतं, चांगलं मोठं." मार्लिसने हातमोजे काढले. "हाड् केलं. गेलं."