आमच्या गल्लीचे व्हिसा ऑफिसर

आमच्या गल्लीत अमेरिका, कॅनडा आणि जर्मनी या तिन्ही देशांचा व्हिसा एकाच खिडकीत नाकारला जातो. खिडकी नानांच्या स्वयंपाकघराची. आत नाना ओट्याशेजारी स्टुलावर बसलेले, बाहेर पेरूच्या झाडाखाली पोरं फाइली घेऊन उभी. नाना गजांतून विचारतात, "व्हाय जर्मनी?" पोरगं इंग्रजी जुळवतंय तोवर आत कुकरची शिट्टी होते. नाना उठून गॅस बंद करतात, परत येऊन बसतात आणि म्हणतात, "रिजेक्ट. ऑफिसर उठून गेला तर इकडं तिकडं पाह्यचं न्हाई."

नाना म्हणजे गंगाधरराव, आमचे शेजारी. इथंच अंबडच्या तहसीलमधून बाबू म्हणून रिटायर झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ न्हाई. स्वतः हैदराबादच्या पुढं कधी गेले न्हाईत. पण गल्लीतल्या एका पोराचा व्हिसा एक कागद कमी पडला म्हणून गेला, आणि ते नानांच्या फार मनाला लागलं. तेव्हापासून आपण मोंढ्यातला कापसाचा भाव पाहतो तसा हा माणूस चहाच्या आधी मोबाइलवर कोणत्या देशाचा कोणता नियम बदलला ते पाहतो आणि पोरांकडून मुलाखतीची तालीम करून घेतो. मी ओसरीवर मेथी निवडत बसलेली असते आणि हे कुंपणावरून सांगतात, "वहिनी, फोटोत मागचा पडदा पांढराच पाह्यजे बरं का. कान दिसले पाह्यजेत." आता मी कुठं निघालेय, सांगा.

"तोंडी चालत न्हाई" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दूधवाला एकदा म्हणाला, म्हैस आजारी होती म्हणून काल आलो न्हाई. नाना म्हणाले, "सर्टिफिकेट?" तो बिचारा दुसऱ्या दिवशी खरंच जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला. नानांनी झेरॉक्स ठेवून घेतली आणि मंग पातेलं पुढं केलं.

माझी नात गौरी हिला जर्मनीच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली, तेव्हा सगळ्यात जास्त पेढे नानांनी वाटले आणि सगळ्यात जास्त वेळा रिजेक्टही तिला नानांनीच केलं. एकदा हसली म्हणून. एकदा गजाला टेकून उभी राह्यली म्हणून. एकदा विचारलं, "शिकून परत येणार का?" ती म्हणाली, "तुम्ही इथं खिडकीत बसलेले असताना न येऊन सांगते कुणाला, नाना?" नानांनी तिची फाइल गजांतून परत दिली. मंग म्हणाले, "भावनिक उत्तर. रिजेक्ट."

तिचा पासपोर्ट त्यांनी स्वतःच्या लोखंडी कपाटात ठेवला. "तुमच्या घरात नको. तुमच्याकडं लोणचं असतं." मी म्हटलं, ठेवा बापडे, पण एकदा राजूरला गणपतीच्या पायावर घालून आणते. तर म्हणाले, "वहिनी, देवाचा शिक्का तिथं चालत न्हाई. न्यायची असली तर झेरॉक्स न्या." मी मुकाट झेरॉक्स घेऊन राजूरला गेल्ते. देवापुढं नारळ, दूर्वा आणि झेरॉक्स.

मुंबईची मुलाखत आठवड्यावर आली आणि एका दुपारी नाना आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा दिला, घेतला न्हाई. माणसानं चहाला न्हाई म्हटलं तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय. त्यांनी रुमालातून पासपोर्ट काढून गौरीपुढं ठेवला. ज्या कोऱ्या पानावर व्हिसा चिकटवतात, त्या पानावर शेंदूर. बोट उमटलेलं, मंग पुसायला जाऊन पसरलेलं, आणि तेल खालच्या पानांत उतरलेलं.

"कुणी केलं हे?" माझा मुलगा ओरडला.

"मीच," नाना म्हणाले. "काल सकाळच्या गाडीनं राजूरला गेल्तो. कागद सगळे बराबर होते, एक बी कमी न्हाई. तरी बी झोप लागना. मंग वाटलं, झेरॉक्सला देव पावंल का न पावंल."

मुलगा फार तापला. तापणारच की. असला पासपोर्ट कोण घेणार, आणि उशीर झाला तर पोरीची ॲडमिशन हातची जायची. नाना खाली मान घालून ऐकून राह्यले. गौरीनं मात्र ते पान पाहिलं आणि हसत सुटली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "नाना, इतके वेळा तोंडी केलं, आता लेखी रिजेक्ट केलं का मला?"

तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून आधीच सांगून टाकते: नवा पासपोर्ट झाला, मुलाखतीची तारीख पुढं मिळाली, व्हिसाही आला. पोरगी आता तिकडं थंडीत सायकल चालवते. पण मला सांगायचंय ते मधल्या एका सकाळचं.

नव्या पासपोर्टसाठी जुना कसा खराब झाला त्याचं शपथपत्र लागत होतं. कोर्टासमोर टायपिस्ट बसतात, तिथं आम्ही तिघं गेलो. टायपिस्टनं विचारलं, "पासपोर्ट कुणाच्या ताब्यात होता?" नानांनी पूर्ण नाव सांगितलं.

"अर्जदाराचे कोण लागता?"

"कुणी न्हाई," नाना म्हणाले. "शेजारी. शेजारी लिहा."

"आजोबा लिहा," गौरी म्हणाली.

"गौरे, शपथेचा कागद आहे हा. खोटं चालत न्हाई."

"मंग खोटं कुठंय त्यात?"

टायपिस्ट माझ्याकडं पाहायला लागला. आमचे हे गेले तेव्हा गौरी पाळण्यात होती. आजोबा म्हणून हाक मारायला तिला घरात कुणी मिळालंच न्हाई. मी म्हटलं, "मानलेले आजोबा, असं लिहा. म्हणजे बिलकुल खोटं न्हाई."

त्यानं टाइप केलं, कागद काढून दिला. नानांनी चष्मा लावला. दुसऱ्याच्या कागदात हमखास चूक काढणारा माणूस, एकाच ओळीवर बराच वेळ थांबला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

टायपिस्ट म्हणाला, "काही चुकलं का, काका?"

"न्हाई," नाना म्हणाले. "एक प्रत जास्तीची काढा. मला घरी ठेवायचीय."